नवी गाडी, नवी बोट आणि आपलं गाव

 

वर्षातून एकदा तरी पेपरात एक फोटो येतो. शहराच्या अग्निशमन दलात नव्या गाड्या आल्या, रबरी बोटी आल्या. लाल गाडीला झेंडूचा हार, पुढं फोडलेला नारळ, बाजूला पुढारी आणि साहेब लोक. आपण फोटो बघतो आणि पान उलटतो. शहराची गाडी, शहराची बोट, आपला काय संबंध?

संबंध आहे. आपल्या बहुतेक गावांत अग्निशमन केंद्र नाही. कडब्याच्या गंजीला आग लागली, उसाचा फड पेटला, स्वयंपाकघरात सिलिंडरनं पेट घेतला, तर बोलावणं जातं जवळच्या नगरपालिकेला, महापालिकेला, एमआयडीसीच्या केंद्राला नाहीतर साखर कारखान्याला. पुराचं तसंच. कृष्णा, वारणा, पंचगंगा फुगली की शहराच्या दलातली माणसं आणि बोटी आसपासच्या गावांतही जातात. म्हणून त्या गाडीत आणि त्या बोटीत काय असतं, ती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे आपल्याला माहीत पाहिजे. आज मला एवढंच सांगायचं आहे, की गाडी आणि बोट ही निम्मी मदत असते. उरलेली निम्मी गावातच तयार ठेवावी लागते.

गाडीत पाणी किती?

आधी गाडीचं बघू. आपण तिला आगीचा बंब म्हणतो. नेहमीच्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. ऐकायला खूप वाटतं. पण गाडीवरचा पंप पूर्ण जोरात चालवला, तर तो मिनिटाला सव्वादोन हजार लिटरच्या आसपास पाणी फेकतो. म्हणजे हिशोब करा. साडेचार हजार लिटर दोन मिनिटांत संपतं! एकच पाईप धरून बेतानं पाणी मारलं तर दहा-बारा मिनिटं पुरतं. म्हणून जवान आल्याआल्या विचारतात, "पाणी कुठं आहे?" आपल्याला वाटतं, एवढी मोठी गाडी घेऊन आलेत आणि आपल्यालाच पाणी विचारतात. पण तो प्रश्न बरोबर असतो. गाडीतलं पाणी सुरुवात करायला असतं. आग विझेपर्यंत पुरवायचं पाणी गावातून मिळवावं लागतं.

बंबाबरोबर आणखीही गाड्या असतात. पाण्याचा मोठा टँकर असतो, त्यात दहा-बारा हजार लिटर किंवा जास्त पाणी येतं. फेसाची गाडी असते. तेल, पेट्रोल पेटलं की नुसत्या पाण्यानं भागत नाही, कारण तेल पाण्यावर तरंगतं आणि आग आणखी पसरते. तिथं फेसाची गोधडी अंथरावी लागते. अरुंद गल्लीत शिरायला छोट्या गाड्या असतात. उंच इमारतीसाठी शिडीची गाडी असते. ती आपल्या कामाची क्वचितच. आणि बचावाची गाडी असते, तिच्यात पत्रा कापायची, दार फाकवायची हत्यारं असतात. रस्त्यावर अपघात होऊन माणूस गाडीत अडकला तर हीच लागते.

विहीर आहे, पण पाणी ओढता येईल का?

तुम्ही म्हणाल, गावात विहिरी आहेत की. लावायचा पाईप आणि ओढायचं पाणी. इथंच खरी गोम आहे.

बंबाचा पंप वर, गाडीत असतो. तो खालचं पाणी ओढून घेतो. उसाचा रस आपण नळीनं ओढतो तसंच. नळीतली हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब रसाला वर ढकलतो. पण हवेच्या दाबाला मर्यादा आहे. कागदावरच्या हिशोबानं दहा मीटर. प्रत्यक्षात सात मीटर, म्हणजे बावीस-तेवीस फूट धरून चालायचं. आता आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या विहिरी आठवा. पाणी चाळीस-पन्नास फूट खाली गेलेलं असतं. तिथं लाखो रुपयांची नवी गाडी उभी केली तरी तिच्या पंपाला ते पाणी ओढता येणार नाही. गाडी बिघडलेली नसते आणि जवानांचीही चूक नसते. तो निसर्गाचाच नियम आहे.

मग काय करायचं? गावाचा पाण्याचा कागद करायचा. कुठल्या शेततळ्याजवळ, बंधाऱ्याजवळ, नदीच्या कुठल्या उताराला मोठी गाडी जाऊ शकते? कुठल्या विहिरीवर मोटर आहे आणि तिचं पाणी थेट गाडीच्या टाकीत सोडता येईल? गावात पाण्याचे टँकर कुणाकडं आहेत? द्राक्षबागेच्या फवारणीचे ब्लोअर कुणाकडं आहेत? आग लहान असताना, गाडी येईपर्यंत, ब्लोअरचा चांगला उपयोग होतो. मात्र त्यात औषध नको, टाकी धुऊन स्वच्छ पाणी भरलेलं हवं. ही नावं आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेले असले, तर त्या दिवशी कुणाला पळापळ करत विचारत फिरावं लागणार नाही.

कमान, मांडव आणि वायर

दुसरी अडचण रस्त्याची. बंब साधारण अडीच मीटर रुंद आणि सव्वातीन मीटरच्या आसपास उंच असतो. पाण्यानं भरलेला असल्यामुळं जडही असतो. आपल्या गावाच्या वेशीवर हौसेनं बांधलेली कमान असते. तिच्याखालून बंब जातो का, हे कुणी मोजलं आहे का? ओढ्यावरचा जुना पूल त्याचं वजन पेलेल का? लग्नसराईत मांडव भर रस्त्यात असतो. घरावरून घरावर गेलेल्या वायरी खाली लोंबत असतात. रात्री ट्रॉल्या गल्लीत लावलेल्या असतात.

गटातल्या दोघी-तिघींनी मोजपट्टी घेऊन एक फेरी मारली तरी हे सगळं समजतं. जिथं गाडी जाणार नाही, तिथं ती कुठवर येईल आणि पुढं पाईप किती लांब न्यावा लागेल, हे लिहून ठेवायचं.

फोनवर काय सांगायचं?

अग्निशमन दलाचा नंबर १०१. कुठल्याही संकटाला ११२. रुग्णवाहिकेला १०८. पूर, वादळ अशा आपत्तीत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. गॅस गळतीसाठी १९०६. हे पाच नंबर लेकीसुनांना पाठ पाहिजेत.

फोन लागला की नुसतं "आग लागली, लवकर या" म्हणून ठेवू नका. गावाचं नाव आणि तालुका सांगा, कारण एकाच नावाची दोन-दोन गावं असतात. काय पेटलं आहे ते सांगा. गवत, घर, गॅस, वीज की तेल, यावर कुठली गाडी काढायची ते ठरतं. आत माणूस किंवा जनावर अडकलं आहे का, ते सांगा. कुठल्या रस्त्यानं यायचं आणि फाट्यावर कोण उभं राहील, ते सांगा. फोन आधी तुम्ही ठेवू नका, पलीकडचा माणूस ठेवू दे. मग एका माणसाला बॅटरी किंवा रंगीत कापड घेऊन फाट्यावर उभं करा. रात्री वस्ती शोधण्यात गेलेली दहा मिनिटं फार महाग पडतात.

गाडी येईपर्यंतचा वेळ आपला असतो. विजेची आग असेल तर आधी पुरवठा बंद करायचा, तोवर पाणी मारायचं नाही. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, वर मोठं झाकण ठेवायचं आणि गॅस बंद करायचा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि कुठल्याही बटणाला हात नाही. चालू बटण बंदसुद्धा करायचं नाही, कारण त्यातूनही ठिणगी पडते. गंजी पेटली तर शेजारच्या गोठ्यातली दावी आधी सोडायची. पेटत्या घरात दागिने, कागद आणायला परत जायचं नाही.

आता बोटीकडं येऊ

नदीकाठच्या आपल्या माणसांना पाणी नवं नाही. गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसं आपल्याकडं होती. पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोरं पोहायला शिकली. पण नदीला उतरणं वेगळं आणि पुरात बुडालेल्या गावातून माणसं काढणं वेगळं.

अग्निशमन दलाकडं बहुतेक फुगवायच्या रबरी बोटी असतात. त्यांना मागं पेट्रोलचं इंजिन लावतात. त्या बोटीच्या कडेचा फुगा आत वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेला असतो. एक कप्पा फाटला तरी बाकीचे बोटीला तरंगत ठेवतात. काही ठिकाणी फायबरच्या टणक बोटी असतात. रबरी बोट हलकी, गाडीवर टाकून कुठंही नेता येते. पण पत्र्याची धार, तुटलेला खांब, काटेरी तार तिला फाडू शकते. फायबरची बोट लवकर फाटत नाही, पण उचलायला जड.

इंजिनाचा पंखा पाण्याखाली फिरतो. पुराच्या गढूळ पाण्यात खाली काय आहे ते दिसत नाही. उभा ऊस असतो, कंपाउंडची भिंत असते, ट्रॉली असते, विजेच्या तारा असतात, वाहून आलेली केंदाळ आणि कपडे असतात. यातलं काही पंख्यात गुंतलं की इंजिन बंद पडतं आणि बोट प्रवाहाच्या ताब्यात जाते. म्हणून जवान गावात शिरल्यावर बोट हळू चालवतात, कधी इंजिन बंद करून वल्ही मारतात, लांबून वळसा घेऊन येतात. गच्चीवर उभं राहून आपण ओरडतो, "समोर दिसतंय, सरळ का येत नाहीत?" ते सरळ येत नाहीत, कारण त्यांना सगळ्यांना परत न्यायचं असतं.

ब्रह्मनाळ विसरू नका

८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. महापुरानं गावाला वेढा घातला होता. माणसं बोटीतून बाहेर निघत होती. ती बोट शहराच्या दलाची नव्हती, गावातलीच होती. तिच्यात पेलतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली. बोट उलटली. सतरा जणांचा जीव गेला. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती.

त्या माणसांना मी दोष देत नाही. पाणी वाढताना, अंगावर पोर असताना, पुढची फेरी येईल की नाही याचा भरवसा नसताना, कुणीही त्याच फेरीत चढू पाहील. पण त्यातून शिकलो नाही तर ते मरण वाया गेलं असं होईल. त्या पुरानंतर नदीकाठच्या गावांत बोटी आल्या, शहरांच्या दलांनीही साहित्य वाढवलं. आता प्रश्न असा आहे, की बोटीबरोबर शिस्त आली का?

बोटीवर किती माणसं बसवायची याचा आकडा लिहिलेला असतो. त्या आकड्यात बोट चालवणारेही धरलेले असतात. दहाची बोट म्हणजे चालवणारे दोघे आणि आपण आठ. सामानाचं वजन त्यातच. धान्याचं पोतं चढलं की एका माणसाची जागा गेली. आधी कोण जाणार हे पाणी आल्यावर भांडून ठरत नाही, ते आधी ठरवावं लागतं. दिवस भरत आलेल्या बाया, बाळंतिणी, आजारी माणसं, अपंग, म्हातारी, लहान मुलं आणि त्यांच्या आया. ही यादी आपल्या आशाताईंकडं जवळजवळ तयारच असते.

बोट जवळ आली की उडी मारायची नाही. जवान हात देईल तेव्हा एकेकीनं, बोटीच्या मधोमध पाय ठेवून चढायचं. चढलं की खाली बसायचं, कडेची दोरी धरायची. उभं राहायचं नाही. काही दिसलं, कुणी हाक मारली तरी सगळ्यांनी एका बाजूला झुकायचं नाही. बोट उलटण्याचं ते मोठं कारण आहे.

साडी आणि लाईफ जॅकेट

लाईफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. "चांगलं पोहायला येतं मला" असं म्हणणाऱ्यांनीसुद्धा. पुराच्या पाण्याला ओढ असते आणि पाण्यात ओंडका आपटला तर पोहणाराही बेशुद्ध होतो.

आपल्या बायांची अडचण साडीची. ओली साडी जड होते आणि पायांत गुंडाळते. म्हणून जमलं तर सलवार घालावी. नाहीतर साडी वर खोचून कासोटा मारावा, पदर कमरेला आवळावा आणि मग सगळ्याच्या वरून जॅकेट घालावं. पदर जॅकेटवरून घेऊ नये. पुढचे सगळे पट्टे लावावेत. पायांमधून घ्यायचा पट्टा असेल तर लाज न धरता तोही लावावा. तो नसला तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली जातो. घातल्यावर दुसरीनं खांद्याला धरून वर ओढून बघावं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, पट्टे आवळा.

लेकराला त्याच्या मापाचं वेगळं जॅकेट हवं. त्याला पदरानं आपल्या पोटाशी बांधू नका. ग्रामपंचायतीच्या जॅकेटांत लहान मापाची आहेत का, हे आत्ताच विचारा.

जॅकेट कमी पडलीच तर झाकण घट्ट लावलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन, फुगवलेली ट्यूब, दोरीत ओवलेल्या बंद रिकाम्या बाटल्या यांवर माणूस तरंगू शकतो. आपला भोपळा याच जातीचा. पण हा शेवटचा आधार, जॅकेटची बदली नव्हे.

सगळ्यात चांगली बोट कुठली?

जिची गरजच पडत नाही, ती. सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीस फुटांवर धोका. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. रस्ते चालू असतात तोवर ट्रॅक्टर निघू शकतो, जनावरं चालत जाऊ शकतात. तीच खरी निघायची वेळ.

तरी माणसं का थांबतात? जनावरांसाठी. दोन दुभत्या म्हशी म्हणजे घराचं पोट. त्यांना सोडून कोण जाईल? म्हणून मागं राहणारीला हट्टी म्हणून भागत नाही. जनावरांची सोय आधी झाली तर माणसं आपोआप निघतात. चारा कुठं, छावणी कुठं, कुणाच्या ट्रकमधून, हे जून महिन्यातच ठरलेलं पाहिजे. आणि न्यायला जमलंच नाही तर निदान दावं सोडा. मोकळं जनावर पोहून काठ गाठू शकतं, खुंट्याला बांधलेलं जागीच बुडतं.

आयर्विनचे फूट आपल्या गावाच्या भाषेत आणा. म्हाताऱ्या बायांना विचारा, पाणी देवळाच्या कुठल्या पायरीला आलं की कुठली गल्ली बुडते. त्या पायरीला रंगाची खूण करा आणि त्या दिवशी पुलावर किती फूट होते, ते शेजारी लिहा. मग रेडिओवर आकडा ऐकला की कुणी काय आवरायचं ते घरबसल्या कळेल.

गटानं काय करावं?

गावात बोट असेल तर ग्रामसभेत विचारा. ती कुठं ठेवली आहे? उन्हात ठेवलेलं रबर तडकतं, गोदामातलं उंदीर कुरतडतात. शेवटची कधी फुगवून पाहिली? इंजिन कधी चालू केलं? वर्षभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलवर इंजिन ऐनवेळी दगा देतं. चालवायला शिकलेली माणसं कोण आणि ती पावसाळ्यात गावात असतात का? जॅकेट किती आणि कुणाच्या मापाची? बोटीवर माणसांचा आकडा मोठ्या अक्षरात लिहिला आहे का?

आणि एक तारीख ध्यानात ठेवा, १४ एप्रिल. बाबासाहेबांची जयंती आपण करतोच. त्याच दिवशी, १९४४ साली, मुंबईच्या गोदीत स्फोटकं भरलेलं फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले सहासष्ट जवान गेले. त्यांच्या आठवणीत देशभर तो अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि आठवडाभर ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं होतात. गटाच्या लेटरहेडवर जवळच्या केंद्राला अर्ज द्या, की आमच्या गावात प्रात्यक्षिक करून दाखवा. गाडी आली की ती कमानीखालून जाते का हेही त्याच दिवशी कळेल. पोरींना मुद्दाम पुढं बसवा. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या महिला. आता मुंबईच्या दलातही मुली आहेत. आपल्या पोरींनाही तो रस्ता दिसू दे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, की वही मिटू नका. एका कोऱ्या पानावर चार मथळे घाला: पाणी कुठं, रस्ता कुठं अडतो, आधी कुणाला न्यायचं, जनावरं कुठं न्यायची. पान त्याच दिवशी भरणार नाही, पण सुरू तरी करा. आणि भरलं की एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक जवळच्या अग्निशमन केंद्रात द्या.